हॉल गुन्ह्यात नाही

१

सकाळी दहाला दोन पाकिटं फोडली, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी एका बाईची नोकरी धोक्यात आली.

पुन्हा चालायला शिकवणारं ते केंद्र. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, अशी माणसं तिथल्या लांबट हॉलमध्ये कठड्याला धरून पहिल्यापासून पाऊल टाकायला शिकत. हॉलची जमीन जागोजागी उखडली होती. नवीन फ्लोअरिंग बसवायचं ठरलं, प्रस्ताव मागवले, आणि दोनच आले.

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रस्ताव हातात घेतला. तो एका कंपनीचा होता. गुळगुळीत कागद, वर सोनेरी नाव. दुसऱ्या पानावर त्या थबकल्या. तिथं लिहिलं होतं :

‘इथे चालणारी माणसे पाय उचलत नाहीत, घासत नेतात. म्हणून दोन तुकड्यांच्या सांध्यावर नखाला लागेल इतकाही उंचवटा राहणार नाही.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं त्या माणसांकडे बघत आल्या होत्या, पण त्यांच्या पायांकडे बघून जमीन बोलतेय असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. कागद लिहिणाऱ्याच्या आत देव जागा असला पाहिजे, असंही वाटून गेलं.

मग त्यांनी दुसरा प्रस्ताव उघडला. हा एका एकट्या मिस्त्रीचा. साधा कागद, सहा कलमं : पाहणीत काय आढळलं, जुनी जमीन कशी काढणार, ओल कशी तपासणार, कोणतं काम करणार, कोणतं करणार नाही, हॉल किती दिवस बंद राहील. दुसऱ्या पानावर तेच वाक्य होतं. त्याच्या मागचंपुढचंही जवळजवळ शब्दाला शब्द तेच.

नोंदवहीत कंपनीचं पाकीट सोमवारचं होतं आणि मिस्त्रींचं मंगळवार संध्याकाळचं. बाईंनी कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला.

“आमचं आधी आलंय ना बाई?” तो म्हणाला. “मग कुणी कुणाचं उचललं ते उघड आहे. तुमच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तेवढं बघा.”

किल्ली एकाच बाईकडे असायची. सहा वर्षं बिनचूक काम करणारी नोंदणीवाली. बाईंनी मिस्त्रींच्या प्रस्तावाखालचा पत्ता पाहिला, मग उगाच मनाला चुटपूट नको म्हणून नोकरांच्या यादीत नोंदणीवालीचा पत्ता पाहिला.

घर एकच होतं.

२

चार वाजता व्यवस्थापन मंडळाची बैठक होती. तोवर उलगडा झाला नाही, तर नोंदणीवालीला घरी पाठवण्यावाचून बाईंना गत्यंतर नव्हतं. कपाळाला हात लावून त्या बाहेर आल्या, तर समोर व्हरांड्यात कानामात्राबाई बसलेल्या.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या या बाई खुबा मोडला म्हणून इथं येत, आणि व्यायामाची पाळी येईतो भिंतीवरच्या सूचना लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत. ‘कृपया शांतता पाळा’मधला ‘कृपया’ पहिल्या दिवशी त्यांनीच सुधारला, आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं.

“काय झालं हो?” त्यांनी विचारलं. “तुमच्या चेहऱ्यावर पूर्णविराम पडलाय.”

बाईंनी सगळं सांगितलं. कानामात्राबाईंनी काठी टेकली आणि म्हणाल्या, “आधी त्या मुलीला बोलवा. कागद कुठं पळून जात नाहीत. माणूस जातं.”

नोंदणीवाली आली. डोळे कोरडे होते, पण पदराचं टोक बोटाला सतरा वेढे घालून झालं होतं.

“मिस्त्री तुझे कोण?”

“सासरे.”

“केंद्रात कुणाला माहीत होतं?”

“नाही. बाबाच म्हणाले, ‘तुझ्या वशिल्याचं काम मला नको. तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही.’ घरी आठ दिवस आम्ही या कामाबद्दल अवाक्षर बोललो नाही. त्यांनी प्रस्ताव कुठं लिहिला, कधी लिहिला, मला ठाऊक नाही काकू. मंगळवारी ते पाकीट घेऊन आले, मी सही करून घेतलं. ‘धन्यवाद’ म्हणाले. मीही ‘धन्यवाद’ म्हटलं. मग जिन्यात आम्हाला दोघांनाही हसू आवरेना.”

“आणि सोमवारचं पाकीट?”

“कपाटात ठेवलं. देवाशपथ, हात लावला नाही.”

“देवाला मध्ये आणू नकोस, त्याला बरीच कामं आहेत,” कानामात्राबाई मायेनं म्हणाल्या. “जा, चहा घे. आणि ते कागद इकडे द्या.”

दोन्ही प्रस्ताव त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. सारखं काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेगळं काय आहे ते शोधू लागल्या. जन्मभराची सवय तीच होती. पाच मिनिटं गेली, आणि एकाएकी त्या इतक्या खदखदून हसल्या की शेजारी बसलेल्या पेशंटच्या हातातून चेंडू सुटला.

“बाई, हे ऐका. मिस्त्री लिहितात, ‘हॉल गुण्यात नाही. एक कोपरा उघडा आहे.’ आणि तुमची ती सोनेरी कंपनी लिहिते, ‘हॉल गुन्ह्यात नाही. एक कोपरा उघडा आहे.’”

डॉक्टरबाईंना हसावं की काय कळेना. त्या काही विचारणार एवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला जाड चपलांचा आवाज झाला. पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले.

“मी मिस्त्री,” तो म्हणाला. “चोरी मी केली. सूनबाईचा यात काही संबंध नाही.”

३

“बसा,” कानामात्राबाई म्हणाल्या.

“बसायला नाही आलो. सोमवारी तिला डबा द्यायला आलो होतो. कपाट उघडं होतं. ती आत गेली तेवढ्यात मी पाकीट काढलं, वाचलं, परत ठेवलं. लिहून घ्या आणि मला मोकळं करा.”

“किती पानं होती त्यात?”

मिस्त्रींनी छताकडे पाहिलं. “चार.”

“सात. बरं, खिडकीकडून दाराकडे जमीन उतरती आहे, तो उतार त्यांनी किती लिहिला होता?”

“चार सूत,” मिस्त्री चटकन म्हणाले. “म्हणजे अर्धा इंच. आठ सुतांचा इंच.”

“त्यांनी लिहिलंय चार सेंटीमीटर.”

“कोण म्हणतो चार सेंटीमीटर?” म्हातारा ताडकन उभा राहिला, बसलेला नव्हताच, पण उभा असताना आणखी उभा राहिला. “दीड इंचावर! अहो, एवढा उतार असता तर चाकाची खुर्ची आपण होऊन दारात गेली असती! काही मोजलंय का तिथं कुणी? का उगाच—”

तो थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं.

“मिस्त्री,” कानामात्राबाई हळूच म्हणाल्या, “तुम्हाला खोटं जमत नाही हो. जमिनीचं नाव काढलं की तुमच्या तोंडून खरंच बाहेर पडतं. ते पाकीट तुम्ही डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही.”

मिस्त्रींनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“गुण्यात नाही, म्हणजे काय ते डॉक्टरबाईंना सांगा.”

“गुण्या म्हणजे आमचा काटकोन. लोखंडाचा असतो, कोपऱ्यात लावून बघतात. कोपरा काटकोनाहून जास्त फाकलेला निघाला, की त्याला आम्ही उघडा म्हणतो. खोली गुण्यात असली की फरशीची ओळ भिंतीला धरून जाते. नसली की शेवटी पाचरीसारखा तुकडा उरतो. ओळ भिंतीपासून पळायला लागते. आणि इथली माणसं ओळ बघून चालतात ना... ती ओळ वाकडी गेली की त्यांचा तोल जातो.” पिशवीकडे बोट करून ते म्हणाले, “गुण्यागोविंदानं नांदायचं म्हणतात ना बाई, त्यातला गोविंद देवळात असतो. गुण्या माझ्या पिशवीत.”

“मग खोटं का बोललात?”

उत्तर दारातून आलं.

“कारण त्यांना वाटलं की मीच केलं.” नोंदणीवाली चहाचा कप हातात घेऊन उभी होती. “कपाटातलं पाकीट मी फोडलं, त्यांचं भलं व्हावं म्हणून कुठंतरी काहीतरी केलं, असं वाटलं. नाहीतर वाचवायला आले असते कशाला? ज्यानं काही केलंच नाही त्याला कुणी वाचवतं का, बाबा?”

तिनं कप कठड्यावर ठेवला, एक थेंबही न सांडता, आणि ती निघून गेली.

४

मंडळी, पाण्याला कुणाचा वशिला चालत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरावं, दोन टोकं दोन भिंतींना धरावीत, दोन्हीकडचं पाणी एका उंचीला येऊन थांबतं. मग जमिनीपासून पाण्यापर्यंत दोन्हीकडे मोजायचं. जेवढा फरक, तेवढा उतार.

मिस्त्रींच्या पिशवीतली नळी घेतली, पण त्यांना बाहेरच बसवलं. एक टोक डॉक्टरबाईंनी धरलं, दुसरं कानामात्राबाईंनी खुर्चीत बसून. खिडकीपाशी बरोबर तीन फूट. दारापाशी तीन फूट अर्धा इंच.

“चार सूत,” डॉक्टरबाई पुटपुटल्या. “म्हाताऱ्याचं बरोबर.”

तेवढ्यात कंपनीचा प्रतिनिधी आला. गळ्यात टाय, टायवर पिन, पिनेवर खडा. चाळिशीचा गृहस्थ, पण नोकरी नवी असावी. बूट चावत होते.

“हॉल तुम्ही स्वतः मोजला?” कानामात्राबाईंनी विचारलं.

“तीनदा.”

“छान. मग मला अडाणी बाईला एक समजवा. तुम्ही लिहिलंय, ‘हॉल गुन्ह्यात नाही.’ म्हणजे काय?”

टायवाल्यांनी घसा साफ केला. “म्हणजे, अं, कायदेशीर बाब आहे. या जागेवर काही खटला, जप्ती, वादबिद नाही. जागा निर्वेध आहे. आमची कंपनी असं सगळं तपासून घेते.”

“आणि ‘एक कोपरा उघडा आहे’?”

“हवा खेळती राहावी म्हणून... एक कोपरा उघडा ठेवलेला आहे.”

तिघांचंही लक्ष हॉलच्या चार कोपऱ्यांकडे गेलं. चारही भिंती आपापल्या जागी होत्या. हवेला शिरायला टाचणीएवढी फट नव्हती.

टायवाल्यांना चहाला पाठवून डॉक्टरबाई म्हणाल्या, “यांना काडीचं कळत नाही, हे पटलं. पण समजा, कुणा जाणत्यानं त्यांना लिहून दिलं, टाइप करताना चूक झाली, आणि मिस्त्रींनी उतरवून घेताना ती सुधारली. ते जाणकार आहेतच की.”

“शब्द सुधारला असता,” कानामात्राबाई म्हणाल्या. “पण चार सेंटीमीटरचे चार सूत कसे केले असते? ते नुसतं वाचून कळत नाही. त्यासाठी नळी धरून गुडघ्यावर बसावं लागतं. आणि जो माणूस गुडघ्यावर बसून मोजतो, त्याला दुसऱ्याचं उचलायची गरज काय? उचलतो तो न मोजणारा.”

डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच काळवंडला.

“पण मग हे आणखी वाईट आहे. कंपनीचं पाकीट सोमवारी आलं, मिस्त्रींचं मंगळवारी. सोमवारी कंपनीच्या हातात मिस्त्रींचा मजकूर असायला तो कुणीतरी आधी, त्यांच्या घरातून बाहेर काढलेला असला पाहिजे. आणि घरात दुसरं कोण आहे?”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

५

कानामात्राबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.

“बाई, आता एका चुकीच्या मागं जायचं. चूक अशी वाऱ्यावर जन्मत नाही, तिला कुणीतरी जन्म देतं. ‘गुण्यात’चं ‘गुन्ह्यात’ कोण करेल? मिस्त्री नाही करणार, तो त्यांच्या रोजच्या हाताखालचा शब्द. टायवाले? त्यांच्यापुढं ‘गुण्यात’ आलं असतं तर त्यांनी ते तसंच छापलं असतं. न कळलेलं तसंच ठेवायचं, ही त्यांची रीत दिसतेच आहे. आणि सुनेला शब्द माहीत आहे, घरात गुण्या खुंटीला लटकत असेल. ही चूक अशा माणसाची, ज्याला शब्द माहीत नाही पण शुद्धलेखनाचा अभिमान आहे. माझ्याच जातकुळीतलं कुणीतरी.”

त्यांनी मिस्त्रींना हाक मारली. “प्रस्ताव टाइप कुठं केलात?”

“समोरच्या दुकानात. टायपिंगवाल्या ताई. मी आपला वहीच्या कागदावर लिहून नेला होता.”

“एका फटक्यात झाला?”

“छे! शनिवारी पहिल्यांदा काढून दिला, त्यात दोन चुका. मी तिथंच सांगितल्या. म्हणाल्या, शाई संपली, मंगळवारी या. मंगळवारी साफ कागद घेतला आणि तसाच इथं आणून दिला.”

“चुकलेला कागद कुठाय?”

“तिथंच टेबलावर सोडला. तो काय करायचाय?”

रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात. टायपिंगवाल्या ताई पाचव्या मिनिटाला हजर झाल्या, बोटांना शाई, बोलण्याला उसंत नाही.

“मी चूक केली? मी तर शुद्ध करून दिलं हो! यांनी लिहिलं होतं ‘गुण्यात नाही’. असा शब्द कुठं असतो का? म्हटलं, म्हातारे आहेत, ‘गुन्ह्यात’ म्हणायचं असेल. पुढं ‘चार सू.’ लिहिलेलं. सू म्हणजे काय, सूप? म्हटलं, ‘सें.’ असेल, तर नीट ‘सेंमी’ करून टाकलं. हे आले ते ओरडायलाच लागले!”

“ओरडलो नाही,” मिस्त्री म्हणाले. “जरा मोठ्यानं बोललो.”

“आणि तो चुकलेला कागद, ताई?”

“तो ना? शनिवारीच एक साहेब आले होते. टाय होता. म्हणाले, ‘फ्लोअरिंगचा प्रस्ताव कसा लिहितात, एखादा नमुना आहे का?’ मी म्हटलं, हा घ्या, खराबच आहे, मांडणी बघायला होईल.” बोलता बोलता त्यांचा वेग कमी झाला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “का हो? त्यांनी... सगळाच घेतला की काय?”

कानामात्राबाई डॉक्टरबाईंकडे वळल्या. “हे दोन चुकीचे शब्द फक्त शनिवारच्या त्या खराब कागदावर एकत्र होते. तो कागद ना मिस्त्रींच्या घरी गेला, ना तुमच्या कपाटात आला. घरून किंवा पाकिटातून मजकूर फुटला असता, तर कंपनीच्या प्रस्तावात शब्द बरोबर आले असते. या चुकाच त्या मुलीच्या साक्षीदार आहेत.”

मागं खुर्ची सरकली. टायवाले केव्हाचे दारात येऊन बसले होते. टायची गाठ त्यांनी सैल केली.

“मी आयुष्यभर पडदे विकले,” ते म्हणाले. “ते दुकान बंद झालं. या कंपनीनं घेतलं, आणि आठव्या दिवशी म्हणाले, प्रस्ताव लिही. मला खरंच नमुनाच हवा होता. पण ते पाय घासत चालण्याचं वाक्य वाचलं... माझी आई तशीच चालायची शेवटी शेवटी. वाटलं, याच्यापेक्षा चांगलं मला जन्मात लिहिता यायचं नाही. मग एकेक करत सगळंच घेतलं.”

“ते मी समजू शकते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण फोनवर किल्लीचं बोललात ते?”

माणसाच्या हातून पहिलं पाप मोहानं होतं आणि दुसरं भीतीनं. दुसऱ्यातच दुसऱ्याचा बळी जातो. ते उठले, नोंदणीवालीच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “ताई, तुमच्यावर मी बालंट आणलं. मंडळाला जे सांगायचं ते मी स्वतः सांगतो.”

आणि त्यांनी ते सांगितलं. शब्द चाचरले, पण एकही गाळला नाही.

६

बैठक वीस मिनिटांत आटोपली. कंपनीचा प्रस्ताव बाद झाला. काम मिस्त्रींना मिळालं. नोंदणीवालीची नोकरी राहिली. मात्र नातं सांगितलं नव्हतं म्हणून तिला लेखी समज मिळाली, आणि या कामाचे कागद दुसऱ्याकडे गेले. हे योग्यच झालं असं ती स्वतःच म्हणाली.

बाहेर फाटकापाशी बाक होता. मिस्त्री तिथं बसले होते, पिशवी पायांत, हात गुडघ्यांवर. सून आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे तिसरं माणूस बसेल एवढी जागा.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “वाटलं होतं ना?”

म्हाताऱ्याला खोटं सांगायची संधी होती. त्या दिवशी एकदा त्यानं ते करून पाहिलं होतं.

“वाटलं,” तो म्हणाला. “इथं व्यायामाला येणाऱ्या शेजाऱ्यानं बातमी सांगितल्यापासून इथं पोचेपर्यंत वाटत होतं. वाटेत विचार करत होतो, पोरीनं माझ्यासाठी केलं असेल. माझं काम अलीकडे कमी झालंय, ती बघते ना रोज. चांगुलपणानंच केलं असेल असं वाटलं. पण केलं असेल, असं वाटलं.”

“किती वेळ?”

“काय?”

“घरापासून इथं यायला किती वेळ लागला?”

“अर्धा तास. पायीच आलो.”

तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. “मग अर्धा तास मी तुमच्याशी बोलणार नाही. आत्तापासून.”

मिस्त्रींनी मान डोलावली. शिक्षा मापात होती; तक्रार करायला जागा नव्हती.

ती बसून राहिली. तेही बसून राहिले. केंद्रातून माणसं बाहेर पडत होती, एकेक पाय घासत, कुणाच्या तरी दंडाला धरून. कानामात्राबाई रिक्षात चढल्या, या दोघांकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी ते गिळलं आणि नुसता हात हलवला. मिस्त्रींनी हात हलवला. सुनेनंही हलवला. एकमेकांकडे मात्र दोघांनी पाहिलं नाही.

ऊन बाकावरून सरकलं. म्हाताऱ्याच्या पाठीत कळ आली असावी. त्यांनी बसण्याची ढब बदलली, मग परत होते तसे ताठ बसले.

“पाठ टेका की,” सून म्हणाली. “कशाला ताटकळत बसलाय?”

अजून आठ मिनिटं बाकी होती. मिस्त्रींनी ते तिच्या लक्षात आणून दिलं नाही. त्यांनी पाठ टेकली.